ग्राफिक्स कार्डाला लावलेला कूलर

सिंदी मेघे, वर्धा

चंद्रभानजी यांना महादेवरावाचा रामराम.

नागपूरच्या उन्हातही आपली व मंडळींची तब्येत ठणठणीत असेल, असे धरून चालतो. आपल्या मातोश्री (म्हणजे माझ्या सासूबाई) उन्हाळ्यापुरत्या इथे आल्या आहेत आणि त्यांना काय काय सोसावे लागते ते रोज मला ऐकवतात. पत्र अशासाठी की फोनवर आपण मला एक वाक्य धड पुरे करू देत नाही.

आपण मामा या नात्याने आमच्या वर्षालीला जो गेमिंग कॉम्प्युटर जोडून दिलात, त्याने घरात उच्छाद मांडला आहे. खेळ ऐन रंगात आला की पडदा काळा होतो, आतला पंखा बोंबलतो आणि पोरगी डोक्याला हात लावून बसते. येत्या रविवारी तिच्या टीमची अंतिम फेरी आहे. मागच्या सामन्यात ती अशीच मधे गायब झाली, तेव्हा त्यांची कप्तान अपेक्षा (अमरावतीची, वयाने हिच्याएवढीच, पण तोरा ठाणेदाराचा) हिने बजावले की पुन्हा असे झाले तर तुझ्या जागी दुसरी घेऊ. त्या दिवशी पोरगी जेवली नाही आणि माझे टाळके सटकले.

आपल्याला विचारले. आपण म्हणालात, ड्रायव्हर काढून नवा टाका. टाकला. विंडोज पुसून पुन्हा भरा म्हणालात. पुसली (सोबत माझ्या निवृत्तीच्या सत्काराचे फोटोही पुसले गेले, त्याची घरात कुणालाच हळहळ नाही). शेवटी आपण हसत म्हणालात, "भाऊजी, कार्ड तापून राह्यलं, त्याले थंड ठेवजा." एवढेच! वर्ध्यात, भर मे महिन्यात, एखादी वस्तू थंड कशी ठेवायची हे सांगायला आपल्याला सवड नव्हती.

मग मीच मार्ग काढला. घरात कूलर एकच. तो हॉलच्या खिडकीतून उचलून वर्षालीच्या खोलीत नेला, कॉम्प्युटरचे झाकण उघडले आणि कूलरचे तोंड थेट कार्डाकडे केले. त्याच्या गवताच्या ताट्या नव्या बसवल्या. टाकीत पाणी मी स्वतः बादल्यांनी ओततो. आम्ही मोठी माणसे हॉलमध्ये डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतो आणि आपले कार्ड हवा खाते. सासूबाई म्हणाल्या, "जावईबुवा, मले उकडून मारता अन् त्या डब्याले हवा देता काऊन?" याचे उत्तर आपणच द्यावे, कारण इतकी बडदास्त ठेवूनही काल कार्डाने कायमचे डोळे मिटले. असले नाजूक कार्ड सख्ख्या भाचीच्या गळ्यात मारताना आपल्याला काहीच कसे वाटले नाही?

आपला (रागावलेला),
महादेवराव

ता.क. पाकीट बंद करणार तोच कॉम्प्युटरच्या दुकानातला नीलेश आला. त्याने कार्ड बाहेर काढले तर आत पाण्याचे थेंब, कडांना गंज आणि पंख्यात कूलरच्या ताटीचे गवत. काका, या खोलीत पाऊस कुठून आला, असे विचारत होता. वरचा मजकूर खोडणार होतो, पण मेहनतीने लिहिला आहे, असू द्या. आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधले कार्ड काढून शनिवारच्या आत पाठवावे.

आणखी एक. वर्षाली आपल्याला फोन करेल. कार्ड मुळातच खराब निघाले, एवढेच सांगा. परवा ती अपेक्षाला सांगत होती, "माह्या बाबानं माह्यासाठी कूलर सोडला." माझे कौतुक तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले, चंद्रभानजी. बिघाड आपल्या नावावर राहू द्या.