गेटवरची चार बटनं

९ नोव्हेंबर २०१७
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसाचं रेकॉर्ड पाहिजे. वणीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर ऑपरेटर, पण सीझनपुरता. संक्रांतीनंतर एकच ऑपरेटर परमनंट करू, असं मॅनेजर घनश्यामजी बोलले. ऑपरेटर दोन: मी अन् मैत्रेयी. म्हणजे मीच.

बोंडअळीच्या धास्तीनं सारे एकदमच कापूस वेचून आणून राह्यले. गेटवर लाईन, लाईनीत भांडणं. डोमाजी चौकीदार रोज नवा नियम काढते. आज बैलबंडी आधी, उद्या लांबचा आधी. दर वेळी प्रोग्राम बदलायले मले हाक. मी काय त्याचा नोकर?

११ नोव्हेंबर
आयडिया! नियम डोमाजीनंच टाइप करायचा. पायथन भाषेतला माहा प्रोग्राम आपोआप त्याचं फंक्शन, म्हणजे कॉम्प्युटरले समजणारा हुकूम, बनवते अन् नंबर लावते. मी मोकळा.

मैत्रेयी म्हणे, कोणी काहीही टाइप करन अन् तुमचा प्रोग्राम डोळे मिटून ते चालवन, धोक्याचं हाये. जळते. पुण्याचा कोर्स केला म्हणून मले शिकवते! यवतमाळचा कोर्स काय कोर्स नसते?

१४ नोव्हेंबर, सकाळी ९
उद्घाटन. डोमाजीनं टाइप केलं: बैल उपाशी हायेत, बंड्या आधी सोडा. प्रोग्राम बंद पडला.

९.२०
चूक डोमाजीची. त्याले इंग्रजी येत नाही, हे मले आधी सांगायचं काम कोणाचं होतं?

१८ नोव्हेंबर
नवी पद्धत. टाइप करणं बंद. डोमाजी यादीतून शब्द निवडते, नियम तयार. प्रोग्रामचं लूप एकामागं एक नियम हातात घेत फिरते, एकेका नियमाचं फंक्शन बनते, त्याचं बटन स्क्रीनवर येते. चार नियम, चार बटनं: बैलबंडी आधी, लांबचा आधी, ओला कापूस शेवटी, ट्रॅक्टर आधी.

टेस्टिंगही केलं. शेवटचं बटन दाबलं, ट्रॅक्टरचा नंबर आला. बरोबर. बाकीची तीन तशीच असणार. उगाच टाइम कायले घालवा?

२१ नोव्हेंबर, दुपार
झरी जामणीकडून हंसाबाई काकी आली. आमच्या तांड्याची. माय गेल्यावर दोन वर्षं हिच्याच चुलीवरचं जेवलो. बैलबंडी घेऊन सकाळपासून लाईनीत हाये. खिडकीतून मले हात केला. मी पाह्यलंच नाही असं दाखवलं. ओळखीपाळखीनं नंबर लावायचे दिवस गेले. आता सिस्टिम. बैलबंडीचं बटन दाबून ठेवलं हाये, लागनच नंबर.

संध्याकाळी ६
आत गेलेले ट्रॅक्टर एकोणीस. बंडी एकही नाही. मैत्रेयी म्हणे, बंडीचं बटन दाबलं तरी ट्रॅक्टरच येऊन राह्यले, एकदा पाहा. पाह्यलं. बटन हिरवं होतं, म्हणजे चालू. तिले तसं सांगितलं अन् बोलणंच बंद केलं. डोकं खाते.

२२ नोव्हेंबर
बंडीवाले गेटवर चढले. रातभर लाईनीत काढली म्हणे. काकीचा एक बैल तिथंच बसला, उठेना. घनश्यामजींनी मले साऱ्यांसमोर झापलं. मी म्हटलं, व्हायरस असन.

मैत्रेयीनं प्रोग्राम उघडला. चारही बटनं एकच नियम चालवून राह्यली होती, शेवटचा, ट्रॅक्टरवाला. म्हणे फंक्शन बनवताना त्याच्याजवळ त्याचा नियम बांधून द्यावा लागते. तुम्ही दिला नाही. मंग बटन दाबल्यावर ते नियम शोधाले जाते, तवा लूपच्या हातात शेवटचाच उरलेला असते. एका ओळीत दुरुस्त केलं. एक ओळ! एवढ्यासाठी कोणी पुण्याले जाते?

बैल गुळपाणी पाजल्यावर उठला. काकीची बंडी आत आली तवा मी जवळ गेलतो. सांगितलं, काकी, मशीनची चूक झाली. ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. वर न पाहता बोलली, "मशीनले माही बंडी दिसली नाही, समजलं. तुले तं दिसली होती न?"

मी उत्तर द्याले गेलो, तं ती कापूस उतरवाले निघून गेली.

२३ नोव्हेंबर
मैत्रेयी परमनंट. संक्रांतीची वाटही पाह्यली नाही घनश्यामजींनी. भांडाले जाणार होतो. गेलो नाही.

दिसली होती.