निळ्या पाण्यातला राजा

प्रिय ताई,

आमचं पुस्तक परवा काचेच्या पेटीत जाऊन बसलं आणि माझं टेबल एकदम भुंडं दिसायला लागलं. वर्षभर त्या टेबलावर त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मुलगी सासरी गेल्यावर घर कसं होतं ते तू मला सांगत होतीस, तेव्हा मी हसले होते. आता हसणार नाही. फोनवर आपलं बोलणं भाऊजींची शुगर आणि आईची औषधं यातच संपतं, म्हणून ठरवलं की हे पुस्तक तुला सावकाश दाखवायचं.

तू भाऊजींच्या मित्रांना सांगतेस, आशू अमेरिकेत लायब्ररीत असते, आणि ते विचारतात, म्हणजे पुस्तकं देते-घेते? सांग त्यांना, पुस्तकांची डॉक्टरीण आहे. शिवण उसवलेली, रंग सुटलेली, कधीकाळी पाणी प्यायलेली पुस्तकं युनिव्हर्सिटीच्या आमच्या लॅबमध्ये येतात. त्यांना नवं करायचं नसतं, फक्त जगवायचं असतं. हे पुस्तक आलं ते बुटाच्या खोक्यातून, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. कुणा बाईंच्या आजोबांनी युरोपातून आणलं होतं आणि इतकी वर्षं ते कपाटात स्वेटरांखाली होतं. टॉवेल उलगडला आणि आम्ही दोघी, मी आणि माझ्याबरोबर काम करणारी लॉरेटा, त्यावर वाकलो.

साडेसातशे वर्षांपूर्वीचं, उत्तर फ्रान्समधलं, हाताने लिहिलेलं लॅटिन स्तोत्रांचं पुस्तक. इंग्रजीत त्याला सॉल्टर म्हणतात. दोन तळहातांत मावेल एवढंच, पण जाडजूड. पानं वासराच्या कातड्याची. हे मी मागे फोनवर बोलून गेले तेव्हा आई पटकन म्हणाली, "नंतर हात धुतेस ना गं?" तिला म्हटलं, आई, आम्ही आधी धुतो. हातमोजेसुद्धा घालत नाही, स्वच्छ, कोरड्या बोटांनी पान उलटतो, कारण बोटाला पान कळावं लागतं. केसांकडची बाजू जरा पिवळट आणि खरखरीत, मांसाकडची पांढरी आणि मऊ. एका पानावर त्या वासराच्या पाठीचा कणा जिथे होता तिथे फिकट रेघ दिसते. दुसऱ्या एका पानाला भोक होतं. लिहिणाऱ्याने ओळ लिहिता लिहिता भोकाला वळसा घातला आणि पुढे लिहीत गेला. फार आवडला मला तो माणूस. नाव ठाऊक नाही त्याचं, कुठे लिहिलेलंच नाही.

पुस्तक उघडलं की आधी पंचांग लागतं. खरंच पंचांग! कुठल्या दिवशी कुठल्या संताचा सण, मोठे सण लाल शाईत, त्याहून मोठे सोन्यात. आणि प्रत्येक महिन्याला एक चिमुकलं चित्र, त्या महिन्याचं काम करणाऱ्या माणसाचं. जुलैत कापणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, नोव्हेंबरात डुकरांसाठी ओकच्या झाडाची फळं झोडपून पाडणं. फेब्रुवारीत मात्र काहीच काम नाही. एक म्हातारा एका पायातला बूट काढून शेकोटीपुढे पाय शेकतोय, आणि चेहऱ्यावर असं सुख की राजाला मिळणार नाही. मार्चमध्ये एका तारखेपुढे कुणीतरी पुष्कळ नंतर, बारीक आणि कच्च्या अक्षरात लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की या दिवशी माझी आई गेली. बस, तेवढंच. मी ते पान उलटायच्या आधी दर वेळी जरा थांबायचे.

मग पहिलं स्तोत्र. त्याचं पहिलं अक्षर बी, आणि त्या एका अक्षराने अख्खं पान व्यापलंय. वरच्या पोटात दावीद राजा, ज्याने ही स्तोत्रं रचली असं मानतात तो, वीणेसारखं वाद्य घेऊन बसलाय, खालच्या पोटात तोच दावीद पोरसवदा, हातात गोफण, समोर राक्षसाएवढा शत्रू. भोवती वेली, वेलींत पक्षी. आणि सोनं! ताई, ते सपाट नाही. आधी चुना, डिंक आणि जराशी साखर यांचा लेप लावून अक्षराला उंचवटा देतात. तो सुकला की त्यावर तोंडाची वाफ सोडतात, त्या ओलाव्यावर सोन्याचा वर्ख चिकटतो, मग कुत्र्याच्या दाताने किंवा अकीकाने घासून झळाळी आणतात. म्हणजे बघ, त्या प्रत्येक सोनेरी ठिपक्याखाली कुणाचा तरी श्वास आहे. आपण मिठाईवरचा वर्ख जिभेवर ठेवायचो, तो किती पातळ असतो तुला माहीत आहे. तो वर्ख साडेसातशे वर्षं तिथे बसून आहे आणि पान कललं की अजून उजेड फेकतो.

चित्रांत मी बुडालेली असायचे, पण शब्द कळायचे ते लॉरेटामुळे. ती इथल्याच दक्षिण जॉर्जियातल्या एका लहान गावची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि चर्चमध्ये गाते. दीडशे स्तोत्रांपैकी बरीच तिला इंग्रजीत पाठ आहेत. एकदा विचारलं, यात आहे तरी काय एवढं? तर म्हणाली, "आश्लेषा, हे सगळं देवाशी भांडण आहे. कुठे होतास, माझ्याकडे बघत का नाहीस, शत्रू हसतायत मला. आणि भांडून भांडून दमल्यावर शेवटी नुसतं गाणं. झांजा वाजवा, टाळ्या वाजवा." मी म्हटलं, मग मला हे माहीत आहे, आमच्या संतांनीही देवाला काही कमी ऐकवलेलं नाही. त्यावर ती हसली आणि ब्रश धुता धुता गुणगुणायला लागली. तेव्हापासून मी पान उघडायचे, ती पहिले लॅटिन शब्द वाचून स्तोत्र ओळखायची आणि मग त्या पानाचं काम होईपर्यंत ते गात बसायची.

कडेच्या मोकळ्या जागेत तर काय काय चाललंय! गोगलगायीला घाबरून तलवार टाकणारा शिपाई, बासरी वाजवणारा ससा, शेपटीच्या जागी पान फुटलेला प्राणी. एका पानावर लिहिणाऱ्याकडून एक ओळ राहून गेली. नंतर लक्षात आल्यावर त्याने ती खाली समासात लिहिली. मग चित्रकाराने काय केलं? त्या ओळीला दोर बांधला आणि तो दोर खेचणारा एक माणूस वर काढला, ओळ जिथे हवी तिथे बोट दाखवणारा! चूक झाली, तर तिचीसुद्धा शोभा केली. अनिकाला फोटो दाखवला तर म्हणाली, "मॉम, दिस इज अ प्रेयर बुक विथ मीम्स." मी रागवायच्या तयारीत होते, पण तिचं बरोबरच आहे.

माझं सगळ्यात लाडकं पान मात्र मधलं. त्या स्तोत्राच्या पहिल्या अक्षरात दावीद राजा पाण्यात उभा आहे, कमरेपर्यंत बुडालेला, मुकुट तसाच, उघडे हात वर केलेले. वर ढगातून देव खाली बघतोय. पाणी गळ्याशी आलंय, पायाखाली नुसता चिखल, आता तूच काढ, असं ते स्तोत्र आहे. पाणी रंगवलंय ते अफगाणिस्तानातल्या खाणीतून आलेल्या निळ्या दगडाच्या पुडीने, लाटा म्हणजे केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा. आणि नेमका तोच निळा सुटत होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो उन्हात तडकलेल्या तळ्यासारखा दिसायचा, प्रत्येक पापुद्रा कडेने उचललेला. प्रत्येकाखाली माशाच्या सरसाचा एक थेंब ब्रशच्या टोकाने सोडायचा, तो झिरपेपर्यंत थांबायचं, मग पापुद्रा अलगद खाली बसवायचा. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा. अशी कामं मी वीस वर्षं केली आहेत.

ऑक्टोबरात एका सकाळी मी राजाच्या कोपराजवळचा निळा घेतला होता. हात जरा दमलेला होता. ब्रश पापुद्र्याला लागायच्या ऐवजी त्याच्या शेजारी लागला आणि तो तीळभर निळा तुकडा सरकला. पडला नाही, नुसता सरकला. मी ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. लॉरेटाचं गुणगुणणं थांबलं होतं. ती उठली, हात धुऊन आली, माझ्या खुर्चीशेजारी तिची खुर्ची आणली आणि म्हणाली, "कुठून सुरू करू, सांग." मी सांगितलं. सरकलेला तुकडा तिने जागेवर आणला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट गंमत अशी की सांगता सांगता मला त्या पाण्यात पूर्वी न दिसलेलं काहीतरी दिसलं. राजाच्या गुडघ्याशी, निळ्याखाली, एक छोटासा मासा आहे. चित्रकाराने आधी काढला आणि मग त्यावर पाणी रंगवलं. ब्रश हातात असता तर मी त्याच्याकडे बघितलंच नसतं. उरलेला सगळा निळा आम्ही दोघींनी मिळून बसवला, हात तिचे, डोळे दोघींचे. आता अतुल मला सकाळी लॅबला सोडतो आणि मग ऑफिसला जातो. घरून, अल्फारेट्याहून, येताना ट्रॅफिक इतका असतो की तो म्हणतो, निदान तुझ्याशी बोलणं तरी होतं.

मग प्रदर्शन उघडलं. पेटीतलं पुस्तक एकाच पानावर उघडं ठेवता येतं, आणि आमच्या क्युरेटरने राजाचं पान निवडलं. लॉरेटाच्या चर्चमधल्या बायका रविवारी चर्चला घालतात त्या ठेवणीतल्या टोप्या घालून आल्या होत्या. त्यांतल्या काठी टेकत आलेल्या एक आजी काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. लॅटिनचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण पाण्यातला राजा बघून त्या म्हणाल्या, "हे मला माहीत आहे," आणि हळू आवाजात गायला लागल्या. मग दुसरी, मग तिसरी. पहारेकरी पुढे आला, थांबला, आणि त्याने टोपी काढली. अतुल माझा हात धरून उभा होता. साडेसातशे वर्षांपूर्वी ज्याने ते पाणी रंगवलं, त्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

ताई, इथपर्यंतचं आईला मोठ्याने वाचून दाखव. यापुढचं तुझं तू मनात वाच. डॉक्टरांनी डिसेंबरात सांगितलं, कंपवात आहे. उजव्या हातापासून सुरुवात आहे, औषधाने बराच आटोक्यात राहतो, आणि मी आधी जेवढी घाबरले होते तेवढी आता नाही. अतुल आणि अनिकाला माहीत आहे. तुला सांगायला किती वेळा फोन लावला आणि भलतंच बोलून ठेवून दिला. टाइप करून कळवलं असतं तर अक्षरं छापल्यासारखी सरळ आली असती, आणि मला वाटलं असतं की मी तुझ्यापासून काही लपवलं. आईला आता अक्षर दिसत नाही, तिला कळणार नाही. तुला पाकिटावरचा पत्ता बघूनच कळलं असेल. माझी शुद्धलेखनाची वही वर्गावर्गात फिरवून 'ही माझ्या बहिणीची' म्हणून सांगायचीस तू. हे पत्र मी थोडं थोडं करून, बरेच दिवस लिहिलंय, आणि एकही पान फाडून पुन्हा लिहिलेलं नाही. आता माझं अक्षर असं आहे. नीट बघून घे. मग फोन कर.

तुझीच,
आशू