जेवणाच्या वहीतले एक्केचाळीस

६ फेब्रुवारी

चि. छबूस,

मावशीचे आशीर्वाद. ते सवयीने हातून उतरतात म्हणून देते आहे. मनात सध्या दुसरंच काही आहे.

फोन केला की तू बरं मावशी म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. आमच्या मिशन शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की रागात लिहिलेलं पत्र एक दिवस उशाखाली ठेवावं. ठेवलं. राग दुप्पट झाला.

पत्र चौकशीबाईच्या दप्तरातून येतंय. माझ्या खालच्या मजल्यावरच्या शिवणबाईंची मुलगी, तुझ्याच शाळेत चौथीत. दिवसाला शंभर प्रश्न विचारते म्हणून मी तिचं हे नाव ठेवलंय. परवा, राज्याच्या परीक्षेच्या दिवशी, सकाळी नऊला ही माझ्या दारात हजर. मी विचारलं, शाळा नाही का? म्हणाली, मोठ्या बाईंनी सांगितलंय की आज तुला बरं नाहीये. मी कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार होतं. तिलाही नवलच वाटत होतं, की आपल्याला काय झालंय ते बाईंना कळलं आणि आपल्याला कसं कळलं नाही.

मग बाराला उठली आणि जेवायला जाऊन येते म्हणाली. कुठे, तर शाळेत. मागच्या फाटकाने. एकला परत आली, हाताला अंड्याचा वास. तिच्यासारखे आणखी सहाजण होते म्हणे. सातही जण आजारी आणि सातही जण पोटभर जेवलेले.

छबू, तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. आता कुठल्या तोंडाने बाहेर पडू? हजेरीत चौतीस आणि जेवणाच्या वहीत एक्केचाळीस, असंच लिहिलं असशील तू. तेवढं मी तुला ओळखते. पोराला उपाशी ठेवायला तुझा हात धजणार नाही आणि जेवणाच्या वहीत खोटं लिहायला तर त्याहून नाही, कारण तू नोकरीला लागलीस तेव्हा त्या वहीसाठी मी तुझे कान उपटलेत. चोरी करायची आणि पावती ठेवून जायची, ही तऱ्हा आपल्याच घरातली.

दुपारी मी तिला गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. वीसपैकी नऊ. वाचायला वेळ लागतो, पण वाचते. नऊ म्हणजे शून्य नव्हे, बाई. तू तर तिला शून्यही दिला नाहीस, ती आलीच नाही असं लिहिलंस.

उत्तर लेखी पाठव. लोभ तूर्तास फळीवर ठेवलाय, उतरवायचा की नाही ते उत्तर वाचून ठरवीन.

तुझी,
मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र चौथीच्या वर्गासमोर माझ्या हातात पडलं. चौकशीबाईने विचारलं की आजीच्या पत्रात एवढं काय आहे, बाईंचे कान लाल का झाले. मी गरम होतंय म्हणाले. फेब्रुवारीत.

तू ज्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलंस ती शाळा आता राहिलेली नाही. फाटकावर फलक आहे, तुझ्या उंचीचा. चौथीची सरासरी पन्नास टक्क्यांच्या वर गेली तर हिरवा, खाली आली तर लाल. एकूण तीनदा लाल झाला की शाळा महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. चार किलोमीटर, आणि मध्ये तो रस्ता. दोन वर्षं आम्ही लाल होतो. गेल्या वर्षी हिरवे झालो. कसे झालो ते विचारू नकोस, तुला कळलंच आहे. वरच्या कार्यालयातले साहेब आले आणि चहा घेता घेता म्हणाले की मशीन फक्त आलेले पेपर मोजतं, न आलेल्यांचं त्याला काही कळत नाही. तोंडाने एवढंच म्हणाले. लेखी काहीच नाही. जाताना चहा छान होता म्हणाले.

तेव्हा मला शिव्या घालताना त्यातल्या निम्म्या त्या साहेबांच्या पत्त्यावर पाठव. सात मुलं एक दिवस घरी राहिली म्हणून दीडशे मुलांची शाळा जागेवर राहणार असेल, तर मी काय करायचं होतं?

आणि आता तूच विषय काढलास म्हणून लिहिते. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी तू मला आणि आणखी तिघांना नकाशांच्या खोलीत पाठवायचीस. नकाशे पुसा म्हणायचीस. मी पहिलीपासून चौथीपर्यंत दरवर्षी पुसले. मला वाटायचं मी मावशीची लाडकी, म्हणून हे मानाचं काम मला. इतकी मन लावून पुसायची की ओल्या फडक्याने एकदा समुद्राचा निळा रंग निघून आला. नववीत एका मैत्रिणीने सांगितलं की ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तिथे ठेवायचे. मी तुला कधी बोलले नाही. मी चौथीतही अडखळत वाचायची, मावशी. ते साहेबांना कळू नये याची काळजी तू घेतलीस, आणि मलाही कळू दिलं नाहीस.

सात जणांना मी निदान जेवायला बोलावलं. आम्हाला तू खोलीतच डबा खायला लावायचीस.

राग आला असेल तर येऊ दे. लोभ आहे तिथेच फळीवर असू दे, धूळ मी येऊन झटकीन.

तुझी,
छबू

१० फेब्रुवारी

चि. छबूस,

आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची छाती झाली नाही.

समुद्र कुणी पुसला याची चौकशी मी तेव्हा केली होती आणि शिपायाला बोलले होते. तो बिचारा ऐकून गेला. नकाशांच्या खोलीबद्दल तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. साहेब मागल्या बाकावरच्या मुलाला उठवून वाचायला लावायचे, आणि त्याला आलं नाही की सगळ्यांसमोर माझ्याकडे बघायचे. मला ते बघणं सोसायचं नाही. मी मुलांना लाजेपासून वाचवते आहे असं स्वतःला सांगत आले, आणि वाचवत होते मला. सत्तरीला आल्यावर हे कळतंय, आणि तेही भाचीकडून. स्वतःवर एवढी चिडले आहे की सकाळी चहात मीठ घातलं आणि तसाच प्यायले.

पण यातून तू सुटतेस असं समजू नकोस. मी केलं ते वाईट होतं म्हणून तू केलेलं चांगलं होत नाही. शिवाय माझ्या वेळी साहेब निघून गेले की प्रकरण मिटायचं. तुझं मिटत नाही. काल मी तुमच्या वाचनाच्या बाईंना बसथांब्यावर गाठलं. आठवड्यातून तीनदा येऊन मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवते ती. ती म्हणाली, जूनपासून बंद. वरून पत्र आलंय की ज्या शाळेत मागे पडलेली मुलं कागदावर नाहीत तिथे ही नेमणूक लागत नाही. नसतीलच. तू त्यांना कागदावरून उचलून माझ्या जिन्यात आणून बसवलंस. त्या मशीनला काही कळत नाही हे साहेबांचं खरं आहे, पण चौकशीबाईचं वाचन त्याने नेमकं कापलं.

तिच्या आईने तुझ्यावर विश्वास ठेवून मुलीला घरी ठेवलं. मशीनवर शाळेचे शर्ट शिवत असते ती, तुझ्याच शाळेचे. तिला वाटतं मोठ्या बाईंनी भल्यासाठीच सांगितलं असेल.

फेरपरीक्षा वीस तारखेला आहे. गैरहजर मुलांची नावं पंधरापर्यंत पाठवायची असतात, मी कार्यालयात जाऊन विचारून आले. तुझे ते चहावाले साहेब भेटले. मी त्यांना चहा विचारला नाही.

सातही नावं पाठव. शाळा लाल झाली तर पुढचं भांडण आपण दोघी मिळून भांडू. मला दुसरं येतं काय?

लोभ फळीवरून उतरवला आहे. धूळ मीच झटकली.

तुझी,
मावशी

२४ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पालकसभेनंतर तू तरातरा निघून गेलीस. म्हणून पुन्हा चौकशीबाईचं दप्तर.

सातही नावं पाठवली होती हे तुला माहीत आहेच. सरासरी पन्नास टक्क्यांना अर्धा टक्का कमी पडली. चौकशीबाईला वीसपैकी आठ, घरी नऊ पडले होते त्यातला एक कुठे सांडला म्हणून ती दोन दिवस माझ्या मागे होती. निकाल पालकांसमोर वाचायचा असा नियम, म्हणून वाचला. फलक लाल झाला हे सांगितलं, का झाला तेही सांगितलं. मग तिची आई उठली. मांडीवर शिवायला आणलेले शर्ट तसेच धरून होती. तिने विचारलं, बाई, म्हणजे माझी मुलगी त्या दिवशी आजारी नव्हती? मी म्हणाले, नव्हती. मग तिने गेल्या वर्षीचं विचारलं. तिथे गप्प बसता आलं असतं. साहेब शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, गेल्या वर्षी पाच होते. ती खाली बसली. शर्ट घडी करून पिशवीत भरायला लागली. मला तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात तू मागून उठलीस. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. आणि तू म्हणालीस की या शाळेत मुलं लपवायला मी सुरुवात केली, आधी माझं नाव लिहून घ्या. साहेब म्हणाले की निवृत्तांसाठी फॉर्मवर रकाना नाही. तू म्हणालीस, मुलांसाठी तरी आहे का. मागे कुणीतरी हसलं, पण साहेब लिहीत राहिले. काय लिहीत होते देव जाणे.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. विलीनीकरणाची सुनावणी मेमध्ये. वाचनाच्या बाई मात्र राहिल्या, तसं पत्र आजच आलं. कागदावर आता बारा मुलं आहेत, मागल्या वर्षीची पाच धरून. त्यांना बसायला खोली नव्हती. नकाशांची खोली रिकामी करून घेतली. तो समुद्र अजून भिंतीवर आहे, मधोमध पांढरा.

तुझी,
छबू

२५ मार्च

चि. छबूस,

आशीर्वाद, यावेळी मनापासून.

थांबले नाही कारण आवाज धड नव्हता, आणि तो साहेबांना ऐकू जाऊ द्यायचा नव्हता. मेच्या सुनावणीला येते आहे. महामार्ग मी पायी ओलांडून पाहिला. मला सहा मिनिटं लागली आणि एका ट्रकवाल्याच्या शिव्या. तो आकडा लिहून ठेव, तिथे लागेल.

आज सकाळी चौकशीबाईला सोडायला फाटकापर्यंत गेले. ती फलकापुढे उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत सगळा वाचला, मोठ्याने, एकेक शब्द जोडत. घंटा झाली. मुलं पळाली. मी तिला घाई केली नाही. वाचून झाल्यावर तिने विचारलं, आम्ही सात जण आलो नसतो तर हा हिरवा असता का. मी हो म्हणाले. खोटं कसं सांगणार? मग ती बुटाने माती उकरू लागली, आणि म्हणाली, मग बाईंनी आम्हाला का बोलावलं?

जन्मभर मी मुलांची उत्तरं तपासली, पण हे उत्तर द्यायचं काम माझं नव्हे, तुझं. म्हटलं, तुझ्या बाईंनाच विचार. उद्या मधल्या सुट्टीत ती तुझ्याकडे येईल, हे पत्र घेऊन. उत्तर जेवणाच्या वहीत लिहितेस तसं दे.

तुझी,
मावशी