पुलावरचा राक्षस आणि माझी दोनशे बारा टिपणं

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण रागात पाठ वाकत नाही.) मामीचा खोकला उतरला का? तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. दुसऱ्याचं रक्त आटवणाऱ्यांची तब्येत ठणठणीतच असते.

गेल्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे आलात, रविवारी घरात कंटाळाल म्हणून मी तुम्हाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा खेळ बघायला नेलं. बघायला, मामा! तिथे आम्ही दोन वर्षं एकेक पात्र होऊन खेळतो. (मी वैद्यबाई. पात्र मेलं की खेळाडू बाहेर.) दातांची डॉक्टरीण सूत्रधार. ती संकट उभं करते, राक्षसांच्या तोंडचंही तीच बोलते, आम्ही बोलून नाहीतर फासे टाकून वाट काढतो. पुलावरच्या राक्षसाने आम्हाला सात रविवार अडवलं होतं. म्हणून मी कुठल्या कुठल्या खेळाडूंनी लिहून ठेवलेले दोनशे बारा अनुभव वाचले आणि वहीत उतरवले: कोण लढलं, कोण पळालं, लाच कोणी दिली. (घरातली पहिली पदवीधर आहे मी. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे तुम्हीच शिकवलंत ना?) मी चाळिसावं टिपण शोधतेय तोवर तुम्ही खुर्ची पुढे ओढून राक्षसाला विचारलंत, "काय हो, तुमचा बदली माणूस किती वाजता येतो?"

तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर पहारा केलात, मान्य. म्हणून राक्षसाला असं विचारायचं? डॉक्टरीणबाईंनी हातातले फासे खाली ठेवले. मग बारीक आवाजात राक्षस म्हणाला, "कोणी येतच नाही हो, मामा." तुम्ही म्हणालात, "जा, जरा पाय मोकळे करून या. मी उभा राहतो." आणि तो गेला! एकही फासा न टाकता आम्ही पूल ओलांडला. आमच्यातल्या नळदुरुस्तीवाल्याने तुमची पाठ थोपटली. तुमचा चहाचा पेला माझ्या वहीवर होता.

तरी मी कडू घोट गिळून तो अनुभव दोनशे तेरावा म्हणून नोंदवला, शब्द न् शब्द. पुढच्या रविवारी किल्ल्याच्या दारात दुसरा राक्षस. मी अदबीने विचारलं, "तुमचा बदली माणूस किती वाजता येतो?" तो म्हणाला, "मीच तो. आत्ताच आलोय, मस्त झोप काढून." आणि माझ्या वैद्यबाईला उचलून खंदकात फेकलं! दोन वर्षं जपलेलं पात्र, मामा! वर नळदुरुस्तीवाला म्हणतो, "खुर्ची रिकामी होतेच आहे, तर मामांनाच बोलवू या." मी त्याच खुर्चीत बसून हे ऐकतेय! मान मोडून अभ्यास करणाऱ्याने खंदकात जायचं आणि सहज येऊन बसणाऱ्याला आमंत्रण. हा कुठला न्याय?

तुमची (अजून तरी)
भाची

ता.क. विचारण्याआधी तुम्ही बराच वेळ त्या राक्षसाकडे नुसते बघत होतात. नेमकं काय बघत होतात? वहीत चार पानं कोरी सोडली आहेत. सविस्तर कळवा.

दुसरा ता.क. पत्राने जमणार नाही. वैद्यबाई अजून पोहतेय. या रविवारी कोणी वर ओढलं नाही तर संपली. याच. आईला सांगा, तिलाच भेटायला आलोय. आणि बसायला स्टूल मिळेल. खुर्ची माझी आहे.