रविवारची वेणी

आई, तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि आज मला माझ्याकडे काम करणाऱ्या बाईची तक्रार तुझ्याकडे करायची आहे. ऐरोलीच्या या फ्लॅटमध्ये ती भांडी-लादी करते, तू करायचीस तशीच. परवा तिने ओट्यावर एक कागद ठेवला, घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेने दिलेला. आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी, आजारपणाची रजा, सगळं ओळीने छापलेलं आणि खाली माझ्या सहीची जागा. "ताई, आता रविवारी मी येनार नाय. मीटिंगमध्ये सांगितलं, बाहेर किती देशांत तर सुट्टीचा कायदाच हाय. आपल्याकडे होईल तेव्हा होईल, आमी मागायला तर लागलो." रविवारच कशाला, मी विचारलं. "पोरीचं डोकं धुवायचं असतं. तेवढा एकच दिवस भेटते ती मला." लादी कोण पुसणार याचं टेन्शन यायला हवं होतं, मी त्या न पाहिलेल्या पोरीवर जळले.

तुझे रविवार वाशीच्या त्या कामाच्या घरात जायचे. सगळे घरी, म्हणून काम दुप्पट. एकदा मी तुझ्या मागोमाग आले. दार उघडंच आहे, तू बाल्कनीत बसून त्यांच्या मुलीच्या केसांना तेल लावते आहेस आणि चक्क गुणगुणते आहेस. आपल्या घरी तू कधी गुणगुणली नव्हतीस. मला पाहून दचकलीस. "इथं कशाला तडमडलीस? जा घरी!" पुढे माझ्या डोक्यात उवा झाल्या. विंचरायला तुला वेळ नव्हता, म्हणून न्हाव्याकडे नेऊन केस बारीक कापवलेस, आणि मग त्या मुलीच्या जुन्या लाल रिबिनी माझ्यासाठी आणल्यास. बांधायला केस होते कुठे? मी त्या खिडकीच्या गजाला बांधल्या.

सुट्टी मागितली असतीस तर ते काम गेलं असतं, हे मला कळतं. कळलं म्हणून जळणं थांबत नाही. त्या कागदात चुकीचं काही नाही. ऑफिसात मी स्वतः एक रजा सोडत नाही. तरी सही केली नाही. हे सगळं त्या कागदाच्याच मागच्या बाजूला लिहिलंय आणि आता तो ड्रॉवरमध्ये जाईल. तिला सांगितलं, या रविवारी पाहुणे आहेत, पुढचं पुढे बघू. बिचारी हो म्हणाली.

पाहुणे कोणीच येणार नाहीत, आई.