चार मिनिटं

धुळे, मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९१

साहेबांना राग आला तर येऊ दे. कॉम्प्युटर चालू होताना फ्लॉपी तपासायच्या प्रोग्रॅमच्या ज्या ओळी मी घातल्यात, त्या काढणार नाही.

माती परीक्षणाचे निकाल आम्ही मेमरीत बनवलेल्या डिस्कवर ठेवतो. काम झटपट होतं, पण वीज गेली की ती कोरी. म्हणून संध्याकाळी सगळं फ्लॉपीवर उतरवायचं, सकाळी परत चढवायचं. गेल्या आठवड्यात उतरवतानाच वीज गेली. सकाळी ती अर्धवट फ्लॉपी मीच न बघता चढवली, आणि एकाचे निकाल दुसऱ्याच्या नावावर गेले. पिंपळनेरच्या आबांची जमीन काळीभोर, आणि त्यांच्या नावापुढे मुरमाड. त्यांनीच हटकलं, नाहीतर कागद देऊन मी मोकळी झाले असते. अजून लाज वाटते.

आता फ्लॉपी धड असल्याशिवाय डिस्क उघडतच नाही. चार मिनिटं लागतात. आज साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "लोक ताटकळतात. काढा ते."

मी म्हटलं, "लेखी द्या."

लेखी काही आलं नाही. चुकलं का माझं? नाही.

नव्या निकालासाठी आलेले आबा बाकावरूनच म्हणाले, "पीकनी वाट मी बठ्ठं वरीस देखस, ताई. चार मिनिट काय शे?"

उद्याही चार मिनिटंच लागतील. साहेबांनी खुशाल घड्याळ लावून बसावं.