भर चौकातून घातलेली प्रदक्षिणा

होनोलुलू,
रविवार

ती. नेत्रामावशीस,

चारुताचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचा राग एव्हाना निवळला असेल, अशी आशा करते. त्यांच्यामुळे तू इकडे येणे रद्द केलेस, याचे मला मुळीच वाईट वाटलेले नाही. (तुझ्यासाठी घेतलेली उशी अजून कोरी आहे, ती केवळ माझ्या आळसामुळे.)

काल घरमालकीण पद्मजाकाकूंची प्रीता (जन्माने इथलीच) मला शहराच्या ऐन गर्दीतल्या एका जुन्या शिंतो देवळात घेऊन गेली. जपानी लोकांचे हे लाकडी देऊळ उंच इमारतींमध्ये अंग चोरून बसले आहे. मला ते पाहताक्षणी आपले वाटले. तेथे देवापुढे वाकून टाळ्या वाजवतात. प्रीता मोजक्या वाजवून थांबली. माझ्या हातांना मात्र टाळी म्हणजे आरती एवढेच ठाऊक. त्यांनी धरलेला ठेका सुटेना. शेजारचे एक जपानी आजोबा निव्वळ सौजन्यापोटी माझ्या तालात सामील झाले. मग ध्यानात आले, की टाळ्या आहेत, पण पुढचे कडवे उचलणारी तू नाहीस. मी हात खाली घेतले.

संकोच लपवावा म्हणून प्रदक्षिणेला निघाले, तर देवळामागे भिंत! प्रदक्षिणा अर्धवट टाकणे मला कसे जमावे? (वाढवलेस तूच.) देवाला उजवीकडे ठेवून मी फाटकाबाहेर पडले, सिग्नलला अदबीने थांबले, बसथांब्यापाशी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत पुढे सरकले. कोपऱ्यावर फुलांच्या हारांची दुकाने आहेत. तेथे मोगऱ्याचा वास आला आणि देवाच्या वाटेवर असूनही मी बराच वेळ नुसती उभी राहिले. तेवढ्यात प्रीताचा फोन.

“ताई, आर यू लॉस्ट?”

“नाही ग, प्रदक्षिणेत आहे.”

“ट्रॅफिकमध्ये? यू आर टू मच, यार! तिथेच थांब, मी कार घेऊन येते.”

कारने प्रदक्षिणा पुरी करणे शास्त्रात बसेलसे वाटेना, म्हणून उरलेली फेरी मी धावतच पुरी केली.

असो. मी येथे सुखात आहे. तू प्रकृतीला जप, येण्याची घाई करू नकोस.

तुझी,
चारुता

ता. क. : परतताना प्रीताने सांगितले, की त्या देवाकडे लोक जोडीदार मागायला येतात. मी तर “मावशीला येऊ दे” एवढेच मागून बसले. तेव्हा तू पाहिलेल्या त्या मिरजेच्या स्थळाला इतक्यात काही कळवू नकोस.

आणखी एक : विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, असे पद्मजाकाकू म्हणाल्या. इथे उतरल्यावर ती ढकलायला मी आहे. ये ना ग.